गरज भासल्यास

'वेदना' हा शब्द 'विद्' या धातूपासून आला आहे, आणि विद् म्हणजे जाणणे. ज्याला दुखते तो जाणतो, एवढाच त्याचा अर्थ आपण सामान्यतः घेतो. माझ्या दाढेची कळ मला ठाऊक. शेजारी बसलेल्या जिवलग मित्राला ती ठाऊक नाही आणि त्याने कितीही मनःपूर्वक प्रयत्न केला तरी कळ म्हणून ती त्याला कधी ठाऊक होणारही नाही. तत्त्वज्ञांनी यावर पुष्कळ काथ्याकूट केला आहे. दुसऱ्याला मन आहे हेच मुळी सिद्ध कसे करावयाचे, येथपर्यंत काहींची मजल गेली. व्यवहारात मात्र हा प्रश्न आपल्याला फारसा छळत नाही, कारण मध्ये भाषा असते. मी 'दुखते' म्हणतो आणि ऐकणारा ते खरे मानतो. मराठीने तर या बाबतीत आपल्याला काही कमी पडू दिलेले नाही. आपल्याकडे कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, आग होते. जखम चुरचुरते, गळू ठुसठुसते, काटा सलतो, पायांना रग लागते. ज्याला जे होते त्याला त्याचा शब्द सापडतो.

पण जेथे भाषाच नाही तेथे काय? दोन महिन्यांच्या अर्भकापाशी एकही शब्द नसतो. तीन-चार वर्षांच्या मुलापाशी 'बाऊ झाला' एवढेच असते, आणि तेही परक्यासमोर तोंडातून निघेलच असे नाही. येथे तत्त्वज्ञांचा तो जुना प्रश्न पुस्तकातून उठून थेट खाटेपाशी येऊन उभा राहतो, आणि उभा राहताना त्याचे रूपही पालटते. दुसऱ्याची वेदना मला कळू शकते काय, असे आता कोणी विचारीत नाही. न सांगितलेली वेदना जाणून घेण्याची जबाबदारी कोणाची, असा प्रश्न होतो. माझ्या मते रुग्णालयात ती प्रथम परिचारिकेची आहे. ती पार पाडण्याचे शिक्षण तिला मिळावे लागते. आणि हे शिक्षण वैद्यकाइतकाच नीतीचा विषय आहे. मी डॉक्टर नाही, केंद्र सरकारच्या कचेरीतला एक कारकून आहे. परंतु या विषयाचा माझ्या पेशाशीही थोडा संबंध पोहोचतो, तो पुढे सांगेन.

प्रश्न नवा नाही. काश्यपसंहिता हा बालरोगांवरील आपला प्राचीन ग्रंथ. नेपाळात मिळालेल्या एका खंडित पोथीवरून तो १९३८ साली छापला गेला. त्याच्या सूत्रस्थानात 'वेदनाध्याय' नावाचा एक अध्याय आहे. त्यात शिष्य वृद्धजीवक आपल्या गुरूला विचारतो की, ज्या बालकांना बोलता येत नाही त्यांच्या वेदना वैद्याने कशा ओळखाव्यात? गुरू एकेक लक्षण सांगत जातात. डोके दुखत असेल तर बालक डोके इकडून तिकडे हलवते, डोळे मिटून घेते, त्याला झोप लागत नाही. कान दुखत असेल तर ते हातांनी कान चाचपते. पोटात शूळ असेल तर स्तन नाकारते, उताणे पडून रडते, पोट ताठरते. यातील प्रत्येक लक्षण आजच्या वैद्यकाला मान्य होईल की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. माझे लक्ष वेधले ते प्रश्नाच्या रचनेने. 'बालकाला वेदना होते काय?' असे वृद्धजीवक विचारीतच नाही. ते त्याने गृहीत धरले आहे. 'कशी ओळखावी?' एवढीच त्याची पृच्छा आहे.

हे गृहीत विसाव्या शतकात, आणि तेही विज्ञानाच्या नावाने, नाकारले गेले, ही गोष्ट आज वाचताना विलक्षण वाटते. १९४१ साली मर्टल मॅक्ग्रॉ या अमेरिकन संशोधिकेने टाचणीच्या टोचणीला लहान बालके कसा प्रतिसाद देतात याची निरीक्षणे प्रसिद्ध केली. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हा प्रतिसाद क्षीण दिसे. अशा निरीक्षणांवरून एक मत रूढ झाले: नवजात बालकाचा मेंदू अपक्व असतो, त्याचे रडणे व आखडणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तीमागे अनुभव नाही. या मताच्या आधाराने पुढील कित्येक दशके नवजात बालकांवर शस्त्रक्रिया होत असताना स्नायू लुळे पाडणारे औषध दिले जाई, परंतु वेदना शमविणारे औषध नाममात्र दिले जाई किंवा दिलेच जात नसे. मूल हलत नसे, म्हणून त्याला काही होत नाही असे दिसे. १९८५ साली अमेरिकेत एका अकाली जन्मलेल्या बालकाच्या हृदयाजवळील रक्तवाहिनीवर अशाच रीतीने शस्त्रक्रिया झाली. बालक पुढे दगावले. काय झाले होते ते आईला नंतर कळले, आणि १९८६ साली तिने ते उघडपणे जगासमोर मांडले, तेव्हा कोठे सामान्य लोकांना या प्रघाताची जाणीव झाली.

तो प्रघात मोडण्यास ज्यांचे संशोधन फार उपयोगी पडले ते डॉक्टर कंवलजीत सिंग आनंद यांचे वैद्यकीय शिक्षण इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाले होते. माळव्यातील वाचकांना हे कळून आनंद होईल. पुढे ऑक्सफर्ड येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकाली जन्मलेल्या बालकांचे दोन गट केले. शस्त्रक्रिया तीच, एका गटाला नेहमीच्या औषधांबरोबर फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिले, दुसऱ्याला ते दिले नाही. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्या शरीरात ताणाची द्रव्ये पुष्कळच अधिक वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यात अधिक झाली. हे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. बालकाच्या तोंडाला जे सांगता येत नव्हते ते त्याच्या रक्ताने सांगितले.

हे सारे करणारे डॉक्टर क्रूर होते काय? मला तसे वाटत नाही. इवल्याशा जिवाला भूल देण्यात धोका होता, आणि तो खरा होता. परंतु 'धोका आहे म्हणून देत नाही' आणि 'दुखतच नाही म्हणून देत नाही' या दोन वाक्यांत नैतिक अंतर फार मोठे आहे. पहिले वाक्य बोलणारा स्वतः अस्वस्थ राहतो, कमी धोक्याचा मार्ग शोधीत राहतो. दुसरे वाक्य बोलणाऱ्याला रात्री सुखाने झोप लागते. ज्या अज्ञानाने आपली सोय होते त्याची तपासणी माणूस सहसा करीत नाही. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला देतात, कारण त्या ठिकाणी तोच दुर्बळ असतो. शस्त्रक्रियेच्या मेजावर दुर्बळ कोण होते हे उघड होते. तरीही संशयाचा फायदा चाकू धरणाऱ्याने स्वतःकडे घेतला. म्हणून या प्रकरणातून निघणारा पहिला नियम असा की, वेदनेविषयी शंका असेल तर ती आहे असे धरून चालावे, आणि नसल्याचे सिद्ध करण्याचा भार मोठ्यांवर ठेवावा. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारताना जवळजवळ हेच नमूद केले: सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असे ठरत नाही.

आता परिचारिकेकडे वळू. डॉक्टर खाटेपाशी काही मिनिटे असतात. परिचारिका संपूर्ण पाळी असते. डॉक्टर औषध लिहितात. ते प्रत्यक्ष देते ती. पुष्कळदा वेदनाशामकापुढे कागदावर लिहिलेले असते, 'गरज भासल्यास द्यावे.' कचेरीत मसुदे लिहून आणि वाचून माझे आयुष्य जात असल्यामुळे हे वाक्य माझ्या मनात घोळत राहिले. त्याला कर्ता नाही. गरज कोणाला भासावयाची? मोठा रोगी असेल तर त्याला. तो घंटा वाजवील, हाक मारील, प्रसंगी भांडेल. मूल यातले काही करणार नाही. म्हणजे गरज मुलाची, पण ती भासावयाची मात्र दुसऱ्याला. आणि त्या दुसऱ्याला ती भासली नाही तर? तर औषध कपाटात राहते, कागद बिनचूक राहतो आणि नियमाचा भंग कोणाकडूनही झालेला नसतो.

ही केवळ शंका नाही. अमेरिकेतील जो एलँड या परिचारिकेने १९७७ साली एक साधी तुलना प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या पंचवीस मुलांपैकी तेरांना वेदनाशामकाची एकही मात्रा मिळाली नव्हती. उरलेल्या बारांना मिळून २४ मात्रा मिळाल्या होत्या. तशाच प्रकारच्या दुखण्यांच्या अठरा प्रौढांना मिळून ६७१ मात्रा मिळाल्या होत्या. या आकड्यांवर भाष्य करण्याची आवश्यकता नाही. एवढेच लक्षात घ्यावे की, ही विसंगती दाखविणारी व्यक्ती परिचारिकाच होती.

यावर कोणी म्हणेल, मुलाचे दुःख पाहून ज्या बाईला पाझर फुटत नाही तिला शिकवून काय होणार? करुणा ही जन्मजात असते, ती वर्गात बसून येत नाही. हा आक्षेप मोठा उदात्त दिसतो, पण मला तो अन्यायाचा वाटतो. चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला एकटी असलेली मुलगी प्रत्येक रडण्याने विरघळू लागली तर पहाटेपर्यंत ती स्वतःच खाटेवर पडेल. म्हणून ती हळूहळू निबर होते. हा निबरपणा म्हणजे करुणेचा अभाव आहे असे मला वाटत नाही. उपाय माहीत नसलेली करुणा स्वतःभोवती बांधून घेते ती ती भिंत आहे. दुसऱ्याचे दुखणे पाहण्यापेक्षाही ते पाहून काही करता न येणे माणसाला अधिक कठोर बनविते. ज्या परिचारिकेला काय पाहावे, काय विचारावे, काय द्यावे आणि किती वेळाने पुन्हा पाहावे हे ठाऊक असते, तिला डोळे मिटून घेण्याचे कारण उरत नाही. शिक्षणाने करुणा निर्माण होत नसेल. पण असलेली करुणा शिक्षणाने टिकते.

हे शिक्षण म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात गूढ असे काही नाही. प्रथम ओळखणे. जे मूल बोलत नाही त्याच्यासाठी पाच गोष्टी पाहावयाच्या: चेहरा, पाय, शरीराची हालचाल, रडणे आणि जवळ घेतल्यावर शांत होणे. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण, बेरीज दहापर्यंत. ही पद्धत १९९७ साली प्रसिद्ध झाली. जे मूल थोडे बोलते त्याच्यापुढे सहा चेहऱ्यांचे चित्र ठेवावयाचे, पहिला हसरा, शेवटचा रडका, आणि तुझे दुखणे यातल्या कोणत्या चेहऱ्यासारखे आहे असे विचारावयाचे. डोना वाँग व कॉनी बेकर यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत भाजलेल्या मुलांबरोबर काम करताना ही पट्टी तयार केली. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे शांत मुलाला सुखी मूल समजू नये हे शिकणे. फार दुखत असलेले मूल पुष्कळदा रडत नाही. निपचित पडून राहते, कारण हलले की अधिक दुखते. आणि 'दुखते' म्हटले की सुई टोचतात हे एकदा कळलेले मूल 'नाही दुखत' असेच उत्तर देते.

नंतर उपाय. मात्रा वजनाच्या हिशेबाने. तीव्र व टिकून राहणाऱ्या वेदनेत औषध रडण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी. शक्य तोवर तोंडावाटे. आणि दिल्यानंतर पुन्हा मोजणी. ड्रेसिंग करावयाचे असेल तर औषधाचा अंमल चढू देऊन मग पट्टीला हात लावणे. सुई टोचावयाची असेल आणि सवड असेल तर त्वचा बधिर करणारे मलम तासभर आधी लावणे. तान्ह्या मुलाला टोचताना आईने पाजीत राहणे, किंवा जिभेवर साखरपाण्याचे थेंब. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीकरणाविषयी अशाच साध्या सूचना केल्या: मुलाला आडवे दाबून न धरता आईने मांडीवर घ्यावे, अधिक दुखणारी लस शेवटी द्यावी. यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही; त्या करावयाच्या असतात हे माहीत असावे लागते.

आणि शेवटी बोलणे, जे मला सर्वांत अवघड वाटते. 'काही दुखणार नाही हं' हे वाक्य मुलांच्या वॉर्डात दिवसातून कितीदा उच्चारले जात असेल! ते प्रेमाने बोललेले असत्य आहे. पण त्याची मुदत सुई टोचेपर्यंतच असते. त्यानंतर मूल दुखण्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकते की, पांढऱ्या कपड्यांतील माणसांच्या शब्दावर विसंबता येत नाही. 'शहाणी मुले रडत नाहीत' हे दुसरे वाक्य तर याहून वाईट. त्यात वेदना लपविण्याला शाबासकी आहे. 'थोडे दुखेल, मी दहा आकडे मोजीन, तोवर तू आईचा हात घट्ट धर' असे सांगण्यास वेळ तेवढाच लागतो, आणि मुलाचा विश्वासही शाबूत राहतो.

येथे एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. आमची दिल्लीस बदली होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या हातावर उकळता चहा सांडला. एका सरकारी रुग्णालयात तिला ठेवावे लागले. पहिल्या दिवशी ड्रेसिंगला आलेल्या सिस्टरांनी तिला विचारले, "दर्द है?" मुलीने मान हलविली नाही की तोंड उघडले नाही. 'दर्द' हा शब्द तिने तोवर ऐकलेला नव्हता. तिच्यापाशी 'आग होते' होते, 'बाऊ' होता. पण ते त्या खोलीत चालणारे नाणे नव्हते. मी सांगू लागलो तेव्हा मला बाहेर थांबण्यास सांगण्यात आले, आणि पुढची वीस मिनिटे मी दाराबाहेरून तिचा आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशी पाळी दुसऱ्या सिस्टरांची होती. त्या केरळच्या. त्यांचे हिंदी माझ्या मुलीच्या हिंदीपेक्षा फारसे बरे नव्हते. त्यांनी काही न विचारता खिशातून चेहऱ्यांचे एक कार्ड काढले, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून तसेच तोंड स्वतः करून दाखविले, आणि मग मुलीचे बोट मोकळे सोडले. मुलीने पाचवा चेहरा दाखविला. सिस्टरांनी कागदावर आठ हा आकडा लिहिला, डॉक्टरांना बोलावून तो दाखविला, आणि औषध पाजून पाऊण तासाने ड्रेसिंगला आल्या. आईला खाटेवर बसवून घेतले. मुलगी रडली नाही असे नाही. पण तिसऱ्या दिवशी त्या सिस्टर दिसताच तिने हात आपण होऊन पुढे केला. एक मल्याळी बोलणारी, एक मराठी बोलणारी. हिंदी दोघींचीही नव्हे. तरीही जाणणे झाले होते.

तो आठाचा आकडा माझ्या मनातून जात नाही, आणि येथेच माझ्या पेशाचा संबंध येतो. वेदनेला आकडा लावणे पुष्कळ सहृदय माणसांना रुचत नाही. लेकराचे रडणे ते काय, आणि त्याचे 'दहापैकी आठ' ते काय! मलाही हे मान्य आहे की, आठ म्हणजे ती वेदना नव्हे. परंतु कारकून म्हणून मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. ज्या गोष्टीसाठी नोंदवहीत रकाना नसतो ती गोष्ट संस्थेच्या लेखी घडतच नाही. ताप लिहिला जातो, नाडी लिहिली जाते, म्हणून त्यांची विचारपूस होते. वेदनेचा रकाना नसला की ती वॉर्डाच्या हवेत विरून जाते आणि पाळी बदलताना तिचा वारसा कोणाकडेही जात नाही. रकान्यात लिहिलेला आठ पुढच्या पाळीला विचारतो, 'मग तुम्ही काय केले?' तो वेदनेची मोजणी असेल वा नसेल, तिची पोचपावती निश्चित आहे. मुलाने काही पाठविले ते मिळाले, एवढे तरी कोणी सही करून कबूल केले.

मात्र रकान्यांचे दुसरे रूपही मीच सांगितले पाहिजे. खाटेकडे न पाहता सर्व रांगेपुढे एकच आकडा ओढता येतो, हे आम्हा कारकुनांना कोणी शिकविण्याची गरज नाही. आणि कागद कधी कधी वेदनेच्या वाटेत आडवाही पडतो. आपला देश औषधासाठी कायदेशीर अफू पिकविणारा एक प्रमुख देश आहे. मंदसोर-नीमचच्या शेतांत ती पिकते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर मॉर्फिन बाळगण्यासाठी इतके परवाने लागू लागले की, बहुसंख्य रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. गैरवापर होऊ नये हा हेतू रास्त होता. परंतु परवान्यांच्या त्या कागदात वेदनेने तळमळणाऱ्याचा रकाना नव्हता. केरळात १९९३ पासून कालिकतला डॉक्टर राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम चिकाटीने चालविले, आणि २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांचा गुंता सुटला. तथापि कायद्याने मॉर्फिन कपाटापर्यंत येते. कपाटापासून खाटेपर्यंत ते आणावयाचे तर त्याला न भिणारी, म्हणजेच त्याची मात्रा, त्याचे धोके आणि त्यांवरील उतारा शिकलेली परिचारिका लागते. 'मुलाला सवय लागेल' ही भीती पुष्कळांच्या मनात असते. देखरेखीखाली योग्य मात्रेत, वेदनेसाठी दिलेल्या औषधाने तशी सवय लागणे विरळा, हे ज्याने शिकलेले नाही तो भिऊनच हात आखडता घेणार.

चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे चार गुणही त्याने सांगितले: उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. या यादीत अनुराग आहे. पण तो तिसरा आहे. ज्ञान आणि दक्षता त्याच्या आधी आहेत. या क्रमाला चरकाने मुद्दाम अर्थ दिला होता की नाही हे मी सांगू शकत नाही. मला मात्र तो क्रम पटतो. आपण परिचारिकांच्या सेवाभावाचे गोडवे गातो, त्यांना देवता म्हणतो, आणि एवढ्यावर आपले कर्तव्य संपले असे समजतो. देवतेला शिक्षण द्यावे लागत नाही, तिच्यासाठी खाटांचे प्रमाण ठरवावे लागत नाही, तिला वर्षातून दोन दिवस कामातून सोडून वर्गात बसवावे लागत नाही. त्यांना माणूस मानले तर हे सर्व करावे लागेल.

वृद्धजीवकाचा प्रश्न अजून संपलेला नाही, आणि तो संपणारही नाही. प्रत्येक नव्या बालकाबरोबर तो नव्याने विचारावा लागतो. 'गरज भासल्यास' या दोन शब्दांना कर्ता द्यावयाचा आहे. ज्याची गरज आहे त्याला तो होता येत नाही. तेव्हा जी खाटेपाशी उभी आहे तिला तो होता यावा, यासाठी तिला शिकविणे हे आपणा सर्वांचे काम आहे.